अंड्याचा बलक, दुधाची निवळी आणि जीवनसत्त्व ब-२

बेंगळुरूतील यशवंतपूर शेतकऱ्यांना परिचित आहे ते तेथील मोठ्या बाजार आवारामुळे. या परिसरालगतच १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. तेथील जीवरसायनशास्त्र विभागात पी. आर. अडिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० व १९८० च्या दशकांत एका प्रथिनाचा सखोल अभ्यास केला. रिबोफ्लेविन, म्हणजेच जीवनसत्त्व ब-२, वाहून नेणारे हे प्रथिन कोंबडी अंड्यात साठवते. अंड्याच्या पांढऱ्या भागाला जी फिकट पिवळसर-हिरवी झाक असते ती या जीवनसत्त्वाचीच.

कोंबड्यांच्या एका आनुवंशिक प्रकारात हे प्रथिन तयारच होत नाही. अशा कोंबडीला कितीही चांगले खाद्य दिले, तरी तिच्या अंड्यात रिबोफ्लेविन उतरत नाही आणि अंड्यातील गर्भ साधारण तेराव्या दिवशी दगावतो. अंड्यात हे जीवनसत्त्व टोचल्यास मात्र तो वाचू शकतो. बेंगळुरूच्या संशोधकांना असेच वाहक प्रथिन गाभण उंदरांच्या रक्तातही आढळले. प्रतिद्रव्यांनी ते निष्प्रभ केल्यावर गर्भ टिकले नाहीत. गर्भवतीच्या आहारात ब-२ कडे दुर्लक्ष का करू नये, हे यावरून उमगावे.

शरीरात रिबोफ्लेविनपासून दोन सहविकरे बनतात. कर्बोदके, स्निग्ध पदार्थ व प्रथिने यांपासून ऊर्जा मिळवण्याच्या क्रियेत ती अनिवार्य असतात. जीवनसत्त्व ब-६ कार्यक्षम रूपात आणण्यासाठी आणि शरीरातील लोहाच्या वापरासाठीही ब-२ लागते. म्हणून रक्तक्षयाच्या काही रुग्णांत केवळ लोहाच्या गोळ्या पुरेशा ठरत नाहीत. कमतरतेची लक्षणे ओळखीचीच आहेत : तोंड येणे, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडणे, जीभ लालसर-जांभळी होऊन झोंबणे, नाकाच्या कडेला तेलकट खपल्या धरणे. ही लक्षणे ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून दिली जातात. शरीरात या जीवनसत्त्वाचा मोठा साठा राहत नाही, जादा भाग लघवीवाटे जातो; त्यामुळे ते रोजच्या अन्नातूनच मिळावे लागते.

बैठे काम करणाऱ्या प्रौढास दररोज सुमारे २ मिलिग्रॅम ब-२ लागते, अंगमेहनत करणाऱ्यास अधिक. शंभर ग्रॅम सडलेल्या तांदळात ते जेमतेम ०.०५ मिलिग्रॅम असते, ज्वारीत ०.१४, नाचणीत ०.१७, तर बाजरीत ०.२०. भातावरच भर असलेल्या ताटात ही तूट सहज निर्माण होते. यकृत, अंडी, दूध, ताक, कडधान्ये व हिरव्या पालेभाज्या ती भरून काढतात. कर्नाटकाने १ ऑगस्ट २०१३ पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेत शाळकरी मुलांना १५० मिलिलिटर दूध देण्यास आरंभ केला. त्यातून पाव मिलिग्रॅमच्या आसपास ब-२ मिळते. उलट अनेक दुग्धोत्पादक घरांत सगळे दूध संकलन केंद्रावर जाते आणि मुलांच्या वाट्याला उरतो तो कोरा किंवा नावापुरत्या दुधाचा चहा. विस्तार कार्यकर्त्यांनी हा विषय गृहभेटीत आवर्जून काढावा. नाचणीला मोड आणल्याने किंवा इडलीचे पीठ आंबवल्याने ब-२ काही प्रमाणात वाढते, हेही सांगण्याजोगे आहे.

कुक्कुटपालकांसाठी हा विषय थेट नफा-तोट्याचा आहे. पिलांच्या खाद्यात प्रति किलो सुमारे ३.६ मिलिग्रॅम रिबोफ्लेविन हवे. ते कमी पडल्यास पहिल्या काही आठवड्यांत पिलांच्या पायांची बोटे आत वळतात आणि ती घोट्यांवर बसून चालू लागतात. वेळीच पूरक मात्रा दिल्यास सौम्य बाधा झालेली पिले सुधारतात. मज्जातंतूंची हानी झाल्यावर मात्र उपाय चालत नाही.

स्वयंपाकाच्या उष्णतेला रिबोफ्लेविन बऱ्यापैकी टिकते; प्रकाशाला नाही. पारदर्शक बाटलीतले दूध दोन तास कडक उन्हात राहिले, तर त्यातील निम्मे किंवा अधिक ब-२ नष्ट होऊ शकते. झाकलेल्या स्टीलच्या कॅनमध्ये हा धोका नाही. डाळ लवकर शिजावी म्हणून टाकलेला सोडाही त्याचा नाश करतो. शेवग्याच्या पाल्याची पूड करायची असल्यास पाला उन्हात न पसरता सावलीत वाळवावा व पूड घट्ट झाकणाच्या, अपारदर्शक डब्यात ठेवावी.