मुलीच्या बाजूची एक बाई

दिवाळी सरली की वसई तालुक्याच्या पूर्वेकडच्या माळांवर भोंगे उभे राहू लागतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून निघालेली वारली आणि कातकरी कुटुंबं मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत त्या गवता-पेंढ्याच्या तात्पुरत्या खोपट्यांत राहतात. मजुरी ठरते ती हजार विटांमागे आणि ठरते जोडप्याशी. दहा-बारा वर्षांच्या मुलीचं नाव त्या हिशेबात कुठेच नसतं. पण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन पाणी भरणारी, कच्च्या विटा उलथणारी, आई चिखलात असताना चूल सांभाळणारी तीच असते. इथून काही किलोमीटरवर लोकल थांबते. २०११ च्या जनगणनेत १२ लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवलेलं वसई-विरार हे शहर उभं राहिलं ते अशाच मजुरांनी भाजलेल्या विटांवर. पालघर जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे, आणि जव्हार-मोखाड्यात तर बहुतेक सगळी वस्ती आदिवासीच. त्यामुळे या मुलीचा प्रश्न ही जिल्ह्याच्या काठावरची गोष्ट नाही. तिच्यासाठी योजना आहेत, शाळा आहेत, कायदाही आहे. नाही ती तिच्या बाजूनं उभी राहणारी, तिला रोज भेटणारी एक मोठी बाई. ही उणीव भरून निघाल्याशिवाय बाकीच्या सोयी तिच्या हाताला लागत नाहीत, हे या लेखाचं म्हणणं आहे.

हा प्रश्न एकट्या पालघरचा नाही. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये कृष्णवर्णीय मुलींविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. मोठ्या माणसांना या मुली त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस वाटतात, त्यांना मायेची आणि संरक्षणाची गरज कमी आहे असं वाटतं, आणि ही समजूत पाच वर्षांच्या मुलीपासूनच सुरू होते, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे वंश नाही तर जात आणि जमात पाहिली जाते; पण परिणाम तोच. बारा वर्षांची वारली मुलगी कामाला वाकबगार दिसते, म्हणून ती 'मोठी' ठरते. ती वर्गात गप्प बसली तर 'यांना शिकायचंच नसतं' असा शेरा मिळतो. कातकरी मुलीच्या वाट्याला याहून जास्त येतं. इंग्रजी अमलात तिच्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का बसला होता. आज सरकार याच जमातीला विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणतं. कागदावरचा शब्द बदलला, तरी वर्गातली नजर बदलायला वेळ लागतो. जिचं बालपणच कुणी मान्य करत नाही, तिला 'तुला काय होतंय?' असं विचारायचं कुणाला सुचत नाही.

शासनानं काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९९२ मध्ये महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या आदिवासी, दलित आणि भटक्या समाजातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना आली. वर्षाचे जास्तीत जास्त २२० रुपये. पुढे गणवेश आले, पुस्तकं आली, वसतिगृहं वाढली, २००९ च्या कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. हे सगळं आवश्यकच होतं. पण मुलगी शाळेतून बाहेर पडते ते क्षण पाहा. पाळी सुरू होते आणि शाळेत कुणाशी बोलता येत नाही. आठवी संपते, हायस्कूल दूर असतं, आणि त्याच सुमारास कायद्याचा हातही सुटतो. घरात लग्नाचं बोलणं निघतं. भट्टीवर मुकादमाचा मुलगा त्रास देतो. यांतल्या एकाही क्षणी तिला वस्तू नको असते. तिचं ऐकून घेणारं, घरी जाऊन आईबापांशी बोलणारं आणि गरज पडली तर मुख्याध्यापकाशी भांडणारं माणूस हवं असतं.

असं माणूस मिळालं की काय घडतं, याचा महाराष्ट्रातला सर्वांत जुना पुरावा १८५५ सालचा आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातल्या मुलीचा निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तिचं शिक्षण तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं होतं. मांग-महारांची दुःखं तिनं त्यात मांडली, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांविषयी लिहिलं आणि धर्माच्या नावानं हे चालवणाऱ्यांना थेट जाब विचारला. तीन वर्षांत अक्षरं येतात. पण आपलं दुःख हा सगळ्यांसमोर मांडण्याचा विषय आहे, एवढा विश्वास अक्षरांतून येत नाही. तो त्या शाळेतल्या माणसांनी तिला दिला. शिकवणं आणि पाठीशी उभं राहणं ही त्या शाळेत दोन वेगळी कामं नव्हती.

पालघर जिल्ह्याला यासाठी पुण्याकडे पाहण्याचीही गरज नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ अनुताई वाघ. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग केले होते. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या, रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झालेल्या शिक्षिका. बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांना एक गोष्ट लवकर कळली: पाड्यावरची मुलं शाळेत येत नसतील, तर शाळेनं पाड्यावर गेलं पाहिजे. मग बालवाडी घरांच्या अंगणात भरू लागली. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पानं, माती ही साधनं झाली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली. यातलं पाळणाघर मला सर्वांत मोलाचं वाटतं. मोठी बहीण शाळेत का येत नाही, याचं उत्तर तिच्या कडेवर असतं. ते बाळ कुणीतरी उतरवून घेतल्याशिवाय तिला उपदेश करण्यात अर्थ नाही, हे ओळखायला मुलीच्या जागी उभं राहून पाहावं लागतं. कोसबाडला हे ओळखलं गेलं, कारण तिथल्या बायका रोज पाड्यावर जात होत्या, मुलांना आंघोळी घालत होत्या, आयांशी बोलत होत्या. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना जे अंगणवाडी हे नाव मिळालं, त्याचं मूळ या किनाऱ्यावरच्या अंगणांत आहे.

खुद्द वसईत हेच तत्त्व भोंग्यापर्यंत गेलं. उसगावला काम करणाऱ्या विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेनं १९८० च्या दशकात वेठबिगारांच्या सुटकेची लढाई लढली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघं मालकाकडे राबायची, अशी ती पद्धत. १९७६ चा बंदीचा कायदा आल्यावरही ती चालूच होती. पुढे त्यांच्याच विधायक संसद या संस्थेनं वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भट्टीवरच भोंगाशाळा काढल्या. हंगाम संपून मुलं गावी परतण्याची वाट न पाहता शिकवणारं माणूस त्यांच्यामागे गेलं. कोसबाड आणि उसगाव यांची राजकीय भाषा वेगळी, काळ वेगळा. पण मुलांपर्यंत चालत जाण्याची जबाबदारी मोठ्यांची, हे दोन्हीकडे धरलेलं आहे.

कुणी म्हणेल, ही थोर माणसांची उदाहरणं झाली. सामान्य शिक्षिकेमुळे असा किती फरक पडणार? याचं उत्तर आता आकड्यांत देता येतं. कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ यांनी आंध्र प्रदेशातल्या सरकारी शाळांचा पाच वर्षांचा तपशील अभ्यासला. शिक्षिका असलेल्या वर्गात मुलींची प्रगती शिक्षक असलेल्या वर्गापेक्षा अधिक झाली, आणि त्यापायी मुलांचं काही बिघडलं नाही. फरक एका वर्षात लहान दिसतो, पण तो दरवर्षी साठत जातो. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांचा अभ्यास २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. जिथे आरक्षणामुळे सरपंचपद दोनदा बाईकडे आलं, तिथे किशोरवयीन मुलं-मुलींच्या शिक्षणातली दरी मिटली आणि मुलींचा घरकामातला वेळही कमी झाला. गावात मुलींसाठी नोकऱ्या वाढल्या नव्हत्या. वाढलं होतं ते 'हेही होऊ शकतं' याचं डोळ्यांसमोरचं उदाहरण. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मुलांच्या नोंदींवरून असं दिसलं, की तिसरीपर्यंत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला तर कृष्णवर्णीय मुलं कॉलेजात जाण्याचं प्रमाण १३ टक्क्यांनी वाढतं. हे तिन्ही अभ्यास आपल्या पाड्यांवरचे नाहीत, हे खरं. पण तीन वेगळ्या समाजांत एकच गोष्ट दिसावी, हा योगायोग मानणं कठीण आहे.

या मांडणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. ताराबाई, अनुताई, पंडित ही सगळी बाहेरून आलेली माणसं. 'आम्ही यांना वर काढतो' या भूमिकेतून मुलीची बोली, तिचं खाणं, तिचं घर कमी प्रतीचं ठरतं, आणि शिकलेली मुलगी आपल्याच पाड्याला परकी होते, अशी तक्रार आदिवासी कार्यकर्ते आणि अभ्यासक अनेक वर्षं करत आले आहेत. ती मला मान्य आहे. वारली बोलणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायला लावणं हा तिच्यावरचा पहिला अपमान असतो, आणि तो करणारी शिक्षिका पुष्कळदा मायाळूच असते. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष 'बाईंची गरज नाही' असा नाही. 'पाड्यातल्या बाईची गरज जास्त आहे' असा आहे. कोसबाडच्या अध्यापन मंदिरानं बालवाडीच्या शिक्षिका घडवल्या, तो त्या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग ठरला. आज पाड्यावरची अंगणवाडी सेविका पुष्कळदा त्याच पाड्याची असते. कुठल्या घरात लग्नाची बोलणी चालली आहेत, हे तिला मुख्याध्यापकाच्या कितीतरी आधी कळतं. आणि नेमकी तीच आजही मानधनावर आहे. मुलीच्या सर्वांत जवळच्या बाईला व्यवस्थेनं सर्वांत कमी मोल द्यावं, हे मला अक्षम्य वाटतं.

दुसरा आक्षेप गरिबीचा. पोटाला नसताना समुपदेशन काय कामाचं? या किनाऱ्याच्या इतिहासात याचं उत्तर आहे. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. मजुरीचा आणि जमिनीचा लढा झाल्याशिवाय शाळेला पाय रोवता आले नसते, हे निर्विवाद. आजही भट्टीवरची उचल फिटत नाही तोवर कुठलीही ताई मुलीला पूर्ण सोडवू शकणार नाही. पण मजुरी वाढली की मुलगी आपोआप शिकते, असंही नाही. वाढलेल्या पैशातून मुलगा विरारला कॉलेजात जावा आणि मुलीचं सतराव्या वर्षी लग्न उरकावं, हेही घडतं. घरात पैसा आला तर तो कुणावर खर्च होणार, या प्रश्नात मुलीची बाजू मांडणारं कुणीतरी लागतंच.

आणि शिक्षिकांवर आणखी एक ओझं? जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं यांतून त्यांना उसंत नाही. आश्रमशाळेत तर मुलींची हजेरी, जेवण, आजारपण आणि नोंदवह्या असं सगळं अधीक्षिकेच्या गळ्यात असतं. म्हणूनच हे काम चांगुलपणावर सोडून चालणार नाही. राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती स्थापन करायला सांगितलं. शिक्षिका, समुपदेशक, महिला डॉक्टर, अंगणवाडी सेविका, पालक आणि विद्यार्थी यांची ही समिती मुलींची सुरक्षा, गळती आणि बालविवाह यांकडे लक्ष देईल, अशी ती कल्पना. कल्पना उत्तमच होती. ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या ठाणे जिल्ह्यात बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचाराची घटना घडली, तेव्हा पुष्कळ शाळांत ही समिती झालीच नव्हती किंवा नावापुरती होती, हे उघड झालं. कारण समितीला सदस्य दिले, पण वेळ दिला नाही, मानधन दिलं नाही, प्रशिक्षण दिलं नाही. मुलीनं सांगितलेली गोष्ट गुप्त कशी ठेवायची आणि कोणती गोष्ट पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावीच लागते, हे शिकवल्याशिवाय कळत नाही. चुकीच्या हाती गेलेलं गुपित मुलीची शाळा कायमची बंद करू शकतं.

वसई-विरारमध्ये याची सुरुवात कुठून करता येईल, हे सांगणं अवघड नाही. भट्ट्यांचा हंगाम ठरलेला आहे, कुटुंबं कुठल्या तालुक्यांतून येतात तेही माहीत आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत राज्यात आहेच. पण कार्ड मुलीच्या पिशवीत राहतं आणि भट्टीजवळच्या शाळेला तिचा पत्ता नसतो. मोखाड्याच्या शिक्षिकेनं मुलगी निघायच्या आधी वसईच्या शाळेतल्या एका नेमून दिलेल्या बाईंना फोन करावा, त्या बाईंनी अंगणवाडी सेविकेला बरोबर घेऊन पहिल्या आठवड्यात भोंग्यावर जावं, मुलीचं आणि तिच्या कडेवरच्या बाळाचंही नाव लिहून घ्यावं, आणि या फेऱ्यांचा वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरला जावा. पावसाआधी कुटुंब परत निघालं की उलट दिशेनं दुसरा फोन व्हावा. आठवीतल्या मुलींसाठी तिसरा फोन जूनमध्ये, नववीत नाव घातलं की नाही ते विचारायला. पगार आणि प्रवासखर्च धरूनही हा खर्च एका शाळाखोलीच्या बांधकामापुढे किरकोळ आहे, आणि पुढच्या दिवाळीच्या आत तो सुरू करता येण्याजोगा आहे.