डबीची साक्ष

एटापल्लीला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत मुठीएवढी एक डबी होती. हवेतल्या बारीक धुळीचा आकडा सांगणारी ही यंत्रे हल्ली घड्याळासारखी कुणालाही विकत मिळतात. आकडा लहान असला की दिवा हिरवा, वाढला की लाल. माझे यजमान शाळामास्तर. सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज ट्रकांनी जाऊ लागल्यापासून रस्त्याची लाल धूळ घरात शिरते. तिचा आकडा मिळाला तर सरकारी अर्जाला जोडावा, असा त्यांचा बेत होता.

पहिल्या पहाटे डबी अंगणात ठेवली. दाट धुके पडलेले, रस्त्यावर एकही ट्रक नाही. तरी दिवा लालभडक! दुपारी ट्रकांची रांग लागली, दारासमोर लोट उठला, आणि दिवा चक्क हिरवा. मास्तरीणबाईंनी तारेवरचा पांढरा सदरा माझ्यापुढे धरला.

"आमचे कपडे लाल झाले, अन् तुमची डबी हिरवीच कशी जी?"

प्रश्न बिनतोड होता. पण डबी खोटे बोलत नव्हती. तिला दिसते तेवढेच ती सांगत होती. आतला चिमुकला पंखा हवा ओढतो, तीवर लेसरचा झोत पडतो, आणि कणांवरून विखुरलेल्या उजेडावरून वजनाचा अंदाज बांधला जातो. म्हणजे ती धूळ तोलत नाही, नुसती पाहते. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून पहाटेचा आकडा चढतो. रस्त्याची धूळ पडली जाड. तिचे बरेचसे कण या नाजूक पंख्याच्या हाती लागतच नाहीत. डबीची खरी नजर केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढ्या कणांवर. संध्याकाळी चूल पेटली मात्र, दोन मिनिटांत दिवा लाल!

मास्तर हळूच म्हणाले, "मग पहाटेचाच आकडा जोडू या का?"

मोह मलाही झाला. पण उद्या कुणी दुपारचा आकडा पुढे करून 'तुमची हवा स्वच्छ आहे' म्हणाला, तर काय उत्तर देणार?

अशा डब्या आधी पारखाव्या लागतात. चंद्रपूरला प्रदूषण नियंत्रण मंडळाची मोठी केंद्रे आहेत. तशा यंत्राशेजारी डबी काही दिवस ठेवून दोन्हींचे आकडे ताडून पाहायचे. नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात याच मंडळाने कानपूरच्या आयआयटीबरोबर मुंबई परिसरात अशी पारख केली होती. पण मुंबईच्या खाऱ्या हवेत उतरलेली डबी एटापल्लीच्या खनिजधुळीतही उतरेलच, असे नाही.

शेवटी अर्जात आम्ही आकडा घातलाच नाही. जाड धूळ गाळणीच्या कागदावर चोवीस तास धरून तोलावी, एवढीच मागणी केली. २००९ च्या भारतीय मानकाप्रमाणे दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ चोवीस तासांत सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमवर जाता कामा नये. त्याचा निवाडा तराजूच करील.

डबी मी चुलीजवळच्या फळीवरच ठेवून आलो. परवा मास्तरीणबाईंचा निरोप आला: "खिडकी उघडली की डबी हिरवी होते जी, पण भांडी लाल होतात."