कार्यालयीन ई-मेलमधील स्थानभ्रष्ट मूलभूत फोल्डर : कारणे व उपाय

इनबॉक्स, सेंट आयटम्स, ड्राफ्ट्स व डिलीटेड आयटम्स हे फोल्डर ई-मेल पेटीबरोबरच प्रणालीकडून मिळतात. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमध्ये त्यांची ओळख नावावर नव्हे, तर पेटीत नोंदवलेल्या अंतर्गत ओळखक्रमांकावर अवलंबून असते. त्यामुळे इनबॉक्स चुकून डिलीटेड आयटम्सखाली सरकला तरी नवीन टपाल त्यातच येत राहते. मात्र डिलीटेड आयटम्स रिकामा केल्यास हे टपालही नष्ट होण्याचा धोका संभवतो.

यास्तव प्रथम तो फोल्डर रिकामा करणे टाळावे. आउटलुक बंद करताना तो आपोआप रिकामा होण्याची सोयही बंद ठेवावी. त्यानंतर पेटी ब्राउझरमधून उघडावी. तेथे रचना योग्य असल्यास दोष संगणकावरील आउटलुकचा, अन्यथा सर्व्हरवरील पेटीचा समजावा. क्लासिक आउटलुक 'रिसेटफोल्डर्स' या आज्ञेसह सुरू केल्यास गहाळ मूलभूत फोल्डर पुन्हा प्रस्थापित होऊ शकतात. केवळ नावे बदलली असल्यास 'रिसेटफोल्डरनेम्स' ही आज्ञा वापरावी. ओळखक्रमांकाचीच नोंद चुकली असल्यास दुरुस्ती प्रशासकाकडे सोपवावी.

सारांश, 'इनबॉक्स' नावाचा नवा फोल्डर तयार करणे हा उपाय नव्हे. नाव तेच असले तरी टपाल जुन्या ओळखक्रमांकाकडेच जाते.