न दिसणारा थकवा

आपल्या भाषेत दमण्याला शब्द पुष्कळ आहेत. दिवसभर औत हाकून आलेल्या शेतकऱ्याला शीण येतो. तेच ते काम करणाऱ्या कारकुनाला कंटाळा येतो. तापातून उठलेला मनुष्य अशक्त असतो. यांपैकी शीण रात्रीच्या झोपेने जातो, कंटाळा सुटीने जातो आणि अशक्तपणा आठ-पंधरा दिवसांच्या सकस अन्नाने भरून निघतो. आज मला ज्या थकव्याविषयी बोलावयाचे आहे, तो या तिन्हींत बसत नाही. मनुष्य आठ तास झोपून उठतो आणि उठतो तोच गळून गेलेला असतो. केलेल्या श्रमांशी या थकव्याचे प्रमाण जुळत नाही आणि विश्रांतीने तो हटत नाही. शरीरात दीर्घकाळ दाह चालू ठेवणाऱ्या अनेक रोगांत तो आढळतो. उदाहरणादाखल आपण रुमॅटॉइड आर्थ्रायटिस नावाचा संधिवात घेऊ. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पटींनी अधिक होतो, हेही ध्यानात ठेवावे.

हा थकवा येतो कोठून? या रोगात शरीराचे संरक्षक दलच आपल्या सांध्यांवर उलटते. त्या वेळी इंटरल्युकिन-६, टी.एन.एफ. अशी काही द्रव्ये रक्तात सुटतात. ती निरोप्याचे काम करतात आणि त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो. हीच द्रव्ये फ्लूच्या तापात आपल्याला अंथरुणावर आडवे पाडतात. ताप चार-पाच दिवसांचा असतो. तेवढ्या काळात पडून राहणे हिताचेच असते. संधिवातात मात्र तोच निरोप महिनोन् महिने येत राहतो.

दुसरे कारण रक्तातले आहे. दाह चालू असता यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक तयार करते, आणि ते शरीरातील लोहाला जणू कुलूप घालते. कोठारात धान्य आहे, पण ते चुलीपर्यंत पोचत नाही, अशी स्थिती होते. म्हणून अशा पांडुरोगात नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी पुष्कळदा भागत नाही. मूळ दाहच शमवावा लागतो. शिवाय दुखण्याने झोप मोडते, हालचाल कमी झाली की स्नायू झिजतात, आणि झिजलेल्या स्नायूंना थोडे कामही जड वाटते. एका कारणातून दुसरे निघते ते असे.

आपल्याकडील जुन्या वैद्यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नव्हती. माधवनिदानात आमवाताची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत अंग मोडून येणे, अरुची व ज्वर यांच्याबरोबर आलस्य आणि जडपणा हेही सांगितले आहेत. ग्रंथातला आमवात आणि आजचा हा रोग तंतोतंत एकच आहेत, असे मी म्हणत नाही. परंतु एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या ग्रंथकाराने आलस्य रोगाच्या लक्षणांत घातले, रोग्याच्या दोषांत नव्हे.

आता औषधाकडे वळू. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. १९२९ साली एका रोग्याला कावीळ झाली असता त्याचा संधिवात ओसरलेला त्यांनी पाहिला. पुढे गरोदरपणातही तसेच घडते, असे त्यांना आढळले. तेव्हा शरीरच एखादे शामक द्रव्य तयार करीत असावे, असा तर्क त्यांनी केला. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडॉल मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतील द्रव्ये वेगळी करीत होते. त्यांतले एक, म्हणजे कॉर्टिसोन, सप्टेंबर १९४८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला टोचण्यात आले, आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि बाझेलचे राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज वापरली जाणारी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे याच घराण्यातली आहेत.

ही औषधे दाह झपाट्याने शमवतात आणि त्याबरोबर थकवाही पुष्कळदा उतरतो. परंतु मात्रा मोठी असली आणि काळ लांबला, की ती स्वतःच थकवा आणू लागतात. झोप उडते, म्हणून डॉक्टर सहसा सकाळी घ्यावयास सांगतात. मांड्या व कंबरेचे स्नायू दुबळे होतात, मग पाटावरून उठताना हात टेकावा लागतो. रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि दबून बसलेला क्षय डोके वर काढू शकतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. निरोगी शरीर रोज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचे द्रव्य स्वतः तयार करते. बाहेरून अधिक पुरवठा होऊ लागला, की अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवून स्वस्थ बसतात. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले औषध एकाएकी सोडले, तर त्यांना जाग यायला वेळ लागतो. तेवढ्यात ओकाऱ्या, रक्तदाब उतरणे, क्वचित प्राणसंकटही ओढवते. म्हणून ही गोळी मनाने सुरू करू नये आणि मनाने बंदही करू नये. डॉक्टर पायरीपायरीने उतरवतील. आपण स्टेरॉइड घेतो अशी चिठ्ठी खिशात बाळगावी. घटक न लिहिलेल्या पुड्यांपासून तर दूरच राहावे, कारण अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे.

या औषधाचा आणखी एक परिणाम घरात गैरसमज माजवतो. त्याने चेहरा गोल होतो आणि गाल भरतात. शेजारीण म्हणते, “तब्येत सुधारली हो सूनबाईंची!” सासूबाईंनाही तसेच वाटते, आणि दुपारी आडवी झालेली सून कामचुकार ठरते. भरलेले गाल हे औषधाचे चिन्ह आहे. ते प्रकृतीचे प्रमाणपत्र नव्हे.

मग करावे काय? प्रथम डॉक्टरांना थकवा स्पष्ट शब्दांत सांगावा. रक्त, थायरॉइड, साखर, झोप आणि मनाची उदासी हे सर्व तपासून घ्यावे, कारण यांतले पुष्कळ बरे होण्यासारखे असते. दुसरे, शक्तीचा जमाखर्च मांडावा. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सारे घर आवरावे आणि पुढचे तीन दिवस निजून राहावे, हा व्यवहार तोट्याचा. काम वाटून करावे, भाजी बसून चिरावी, आणि दमण्यापूर्वीच विसावा घ्यावा. तिसरे, चालणे सोडू नये. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोग्यांना दूरध्वनीवरून मार्गदर्शन दिले होते. झेपेल असा, हळूहळू वाढवलेला व्यायाम किंवा विचार-सवयींत बदल, यांपैकी कोणत्याही एकाने थकवा कमी झाल्याचे तीत दिसले.

याविषयी आणखी एक हकिकत सांगण्यासारखी आहे. संधिवाताच्या औषधांची परीक्षा कशी करावी हे ठरवणाऱ्या ऑमरॅक्ट या आंतरराष्ट्रीय परिषदेत २००२ साली प्रथमच रोगी चर्चेला बसले. तोवर तज्ज्ञ सुजलेले सांधे मोजीत, रक्त तपासीत, वेदना विचारीत. थकव्याला त्या यादीत जागा नव्हती. रोग्यांनी तो विषय लावून धरला, आणि पुढील काही वर्षांतच औषधांच्या चाचण्यांत थकवाही मोजावा, अशी शिफारस झाली. तज्ज्ञांनी रोग्याचे ऐकून आपली यादी सुधारली. घरातल्या माणसांनीही तेवढेच करावे. “पुन्हा दमलीस?” असे विचारण्याऐवजी “आज कोणते काम मी करू?” असे विचारावे.