हाताचा अखत्यार

नेब्रास्का हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मक्याच्या शेतांचे आणि गुरांच्या बाजारांचे राज्य. परंतु भौतिकोपचाराच्या, म्हणजे आपण ज्या विद्येला फिजिओथेरपी म्हणतो तिच्या, इतिहासात त्याचे नाव दोनदा घ्यावे लागते. रुग्णाने वैद्याची चिठ्ठी न आणता थेट फिजिओथेरपिस्टाकडे जावे आणि त्याने तपासणी करून उपचारही आरंभावेत, अशी मुभा देणारा कायदा १९५७ साली प्रथम याच राज्याने केला. आणि या व्यवसायात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशाचीच पदवी म्हणून डॉक्टरेट देणारा पहिला अभ्यासक्रमही १९९३ साली याच राज्यातील ओमाहा शहरी, जेझुइट पंथीयांच्या क्रेटन विद्यापीठात उघडला. या दोन घटनांत ३६ वर्षांचे अंतर आहे, तरी त्यांचे नाते मला फार निकटचे वाटते. कारण कायद्याने जो अखत्यार दिला, तो पेलणारी विद्या कोठेतरी सिद्ध व्हावयाची होती.

हा अखत्यार या व्यवसायाला जन्मतः लाभलेला नव्हता. पहिल्या महायुद्धात जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांचे आखडलेले सांधे आणि दुबळे स्नायू पुन्हा कामास लावण्यासाठी अमेरिकी सैन्याने ज्या स्त्रिया तैनात केल्या, त्यांना पुनर्रचना-साहाय्यिका म्हणत. १९१८ साली ऑरेगनमधील रीड कॉलेजात मेरी मॅकमिलन यांनी त्यांच्यासाठी वर्ग चालविले, आणि १९२१ साली या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. या साहाय्यिकांना लष्करी हुद्दा नव्हता, आणि वैद्याच्या हुकुमावाचून काही करण्याची मोकळीकही नव्हती. पोलिओच्या साथींनी हजारो मुलांचे पाय लुळे केले, तेव्हा या हातांची खरी कसोटी लागली. बोस्टनचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लव्हेट यांच्याबरोबर काम करताना विल्हेल्मिन राइट यांनी गुरुत्वाकर्षणाला प्रमाण धरून स्नायुबल जोखण्याची जी रीत बसविली, तिच्यातूनच शून्य ते पाच या श्रेणी रूढ झाल्या. अवयव स्वतःच्या भारासकट वर उचलता आला तर तीन, आणि तपासणाऱ्याच्या पूर्ण प्रतिकाराला पुरून उरला तर पाच. आजचा विद्यार्थीही आरंभीच हीच मोजणी शिकतो. मधल्या काळात प्रमाणपत्राची पदवी झाली, पदवीची पदव्युत्तर पदवी झाली, आणि २०१६ पासून मान्यता देणाऱ्या मंडळाने डॉक्टरेटखेरीज दुसऱ्या कोणत्याही पदवीने या व्यवसायाचे दार उघडणार नाही असा नियम केला.

प्रवेशाची हकिकत लांबविण्याचे कारण नाही. चार वर्षांची पदवी, तीत जीवशास्त्र, रसायन, भौतिकी, शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचा पाया, बहुतेक ठिकाणी दवाखान्यात बसून काम पाहिल्याचा दाखला, आणि मग सुमारे तीन वर्षांचा सलग अभ्यास.

खरे शिक्षण शवविच्छेदनाच्या दालनात सुरू होते. ज्यांनी मरणापूर्वी आपला देह विद्येसाठी देऊन ठेवला, त्यांच्यासमोर उभे राहून विद्यार्थी मानेच्या आणि लगेच तिच्याखालच्या कण्यातून निघणारी पाच मज्जातंतुमुळे काखेपर्यंत कशी गुंफली जातात हे स्वतःच्या बोटांनी उलगडून पाहतो. आणि पुस्तकातील सरळ रेघांचे चित्र प्रत्यक्ष देहात मेदाच्या, आवरणांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या दाटीत कसे हरवून जाते, याचा अनुभव घेतल्यावर शरीराविषयी त्याच्या मनात जी नम्रता उपजते, ती माझ्या मते या सबंध अभ्यासक्रमाची सर्वांत मोलाची कमाई आहे. अनेक विद्यापीठांत वर्षाच्या अखेरीस विद्यार्थी या देहदात्यांप्रीत्यर्थ कृतज्ञतेचा समारंभ करतात.

तेथून तो सहाध्यायांच्या जिवंत देहांकडे वळतो. गुडघ्याच्या आतील पुढचा तिरपा बंध तुटला आहे किंवा कसे, हे पाहण्याची लॅकमनची कसोटी घेताना रुग्णाचा गुडघा २० ते ३० अंश वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरावयाची, दुसऱ्या हाताने पायाचे हाड पुढे ओढावयाचे, आणि त्या ओढीच्या शेवटी हाताला काय जाणवते तिकडे सारे चित्त लावावयाचे असते. बंध शाबूत असेल तर हाड ठामपणे अडते, ताणलेला दोर एकाएकी हाताला थांबवितो तसे. तुटला असेल तर ते मऊपणे सरकतच राहते. हा भेद वाचून कळत नाही. निरोगी गुडघे पुष्कळ हाताळल्यावाचून रोगी गुडघा ओळखता येत नाही, आणि म्हणूनच प्रयोगशाळेत एकमेकांचे खांदे, गुडघे, टाच, पाठ पुन्हा पुन्हा तपासण्याचा शिरस्ता पाळला जातो. कोनमापकाने सांध्याची हालचाल मोजणे, कमरेस रुंद पट्टा बांधून पक्षाघाताच्या रुग्णाला खाटेवरून खुर्चीत सुरक्षित बसविणे, वृद्धाने खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत येऊन बसावयास किती सेकंद घेतले हे घड्याळावर पाहून त्याच्या पडण्याच्या धोक्याचा अंदाज बांधणे, हीही सारी कामे याच शाळेतली.

तथापि कसबी हात पूर्वीच्या साहाय्यिकांपाशीही होता. डॉक्टरेटने त्यात भर घातली ती थांबण्याच्या विवेकाची. पाठ दुखते म्हणून आलेल्या दहांपैकी बहुतेकांना व्यायाम आणि धीर पुरतो. परंतु त्याच तक्रारीबरोबर मांड्यांच्या आतल्या बाजूस बधिरता आली असेल आणि लघवीवरचा ताबा सुटू लागला असेल, तर कण्याच्या तळाशी मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेल्याची शक्यता असते, आणि त्या रुग्णाला एका क्षणाचाही विलंब न लावता शल्यविशारदाकडे धाडले पाहिजे. पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळण्यापूर्वी शिरेत रक्त गोठले नाही ना, याचा विचार झाला पाहिजे. पूर्वी हा विचार चिठ्ठी लिहिणाऱ्या वैद्याने केला आहे असे गृहीत धरता येई. २०१५ पासून सर्वच राज्यांत कमीअधिक मर्यादांनी थेट उपचाराची मुभा मिळाल्यावर पहिला हात फिजिओथेरपिस्टाचाच पडण्याचा संभव वाढला, आणि त्याबरोबर रुग्ण आपल्या हद्दीतला नाही हे ओळखण्याची जबाबदारीही त्याच्यावर येऊन पडली. औषधांचे परिणाम, क्ष-किरणचित्रांचा अर्थ, संशोधनाच्या पुराव्याची पारख, हे विषय अभ्यासक्रमात शिरले ते यासाठी.

या विवेकाची परीक्षा वर्गात होत नाही. म्हणून किमान ३० आठवडे पूर्णवेळ रुग्णालयांत आणि दवाखान्यांत, अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखाली, विद्यार्थ्याला रुजू व्हावे लागते. प्रारंभी मार्गदर्शक करतो आणि तो पाहतो. अखेरीस तो करतो आणि मार्गदर्शक पाहतो. मधल्या काळातली घालमेल ज्याने भोगली नाही त्याला केवळ गुणांनी या व्यवसायात आणू नये, असे मला मनःपूर्वक वाटते. मग राष्ट्रीय परीक्षा येते. २०० ते ८०० या मापपट्टीवर ६०० गुण मिळविल्यावाचून राज्याचा परवाना मिळत नाही.

या शिक्षणाची एक बाजू मात्र व्यथित करणारी आहे. अनेक पदवीधर लाखाहून अधिक डॉलरांचे कर्ज शिरावर घेऊन बाहेर पडतात, आणि त्यांचा पगार वैद्यांच्या पगाराच्या जवळपासही पोहोचत नाही. ज्या खेड्यांत आणि वृद्धाश्रमांत त्यांची निकड सर्वाधिक, तेथे जाणे कर्जाच्या हप्त्यांमुळे त्यांना दुष्कर होते. समाजाने अखत्यार दिला पण त्याची किंमत एकट्या विद्यार्थ्याकडून वसूल केली, हा व्यवहार मला न्याय्य वाटत नाही.

आपल्याकडे ही विद्या आली ती पोलिओच्या वाटेने. १९५० च्या दशकाच्या आरंभी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीची शाळा निघाली, आणि पुढे महाराष्ट्रभर साडेचार वर्षांची पदवी रूढ झाली. मुंबई-पुण्याहून ही पदवी घेऊन अमेरिकेत जाणाऱ्या मराठी मुलामुलींना आपल्या पदवीची विषयवार छाननी करून घ्यावी लागते आणि तीच राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. त्यांच्यापैकी काहीजण नोकरी सांभाळून पुरवणी डॉक्टरेटही पुरी करतात. त्या पुरवणीत सांधे हाताळण्याचे धडे फारसे नसतात, कारण ते त्यांना अवगत असतातच. भर असतो तो रोगनिदानातील तारतम्यावर, औषधांवर, क्ष-किरणचित्रांवर आणि रुग्णाला केव्हा दुसऱ्याच्या हाती सोपवावे या प्रश्नावर.