शंकुपात्रातलं विरजण

मिनियापोलिसला लेकीकडे गेलो तेव्हा जानेवारी होता. ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी दोन लिटरचं एक शंकुपात्र उभं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत माझा जन्म गेला, त्यामुळे पात्र ओळखीचं. पण त्याच्या तोंडावर फॉइलची सैलसर टोपी होती आणि आत गढूळ, तपकिरी काहीतरी भिंगरीसारखं फिरत होतं. ‘बाबा, विरजण आहे ते,’ जावई म्हणाला. ‘बिअरचं.’

विरजण कमी पडलं तर दही लागत नाही आणि तोवर दुधात भलतंच काहीतरी वाढतं. बिअरचंही तेच. घरच्या बिअरचा एक घाणा साधारण १९ लिटरचा. मध्यम ताकदीच्या ‘एल’ प्रकारच्या बिअरला त्यासाठी सुमारे १७,००० कोटी यीस्टपेशी लागतात, द्रव यीस्टच्या ताज्या पाकिटात त्या १०,००० कोटींच्या आसपास असतात. ‘लागर’ प्रकारची करायची तर गरज जवळजवळ दुप्पट. पाकीट फ्रिजमध्ये पडून राहिलं असेल तर त्यातल्या बऱ्याच पेशी मेलेल्या. म्हणून आधी थोड्या रसात यीस्ट वाढवून घ्यायचं. १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम माल्टची पूड, म्हणजे मोडाच्या बार्लीचा सुकवलेला अर्क. १०-१५ मिनिटं उकळायचं, निववायचं, यीस्ट घालायचं आणि दीड दिवस ढवळत ठेवायचं. जावयाचं ढवळणी यंत्र म्हणजे संगणकाचा जुना पंखा, त्यावर चिकटवलेलं चुंबक आणि रसात पडलेली प्लॅस्टिकच्या आवरणातली चुंबकाची कांडी.

कृती एवढीच, भानगड आहे ती उकळण्यात.

हे पात्र १८६० च्या सुमारास जर्मनीत एमिल एर्लेनमायरने घडवलं, ते हिंदकळलं तरी सांडू नये म्हणून. पायथ्याशी रुंद आणि गळ्याशी निमुळतं. नेमका हाच आकार रस उकळताना वैरी होतो. माल्टमधल्या प्रथिनांचा फेस वर चढतो, त्याला पसरायला जागाच मिळत नाही आणि चिकट रस शेगडीवर येतो. दूध उतू जाणं परवडलं, निदान ते पुसता तरी येतं. यावर उपाय म्हणून काही जण सिमेथिकोनचे थेंब घालतात. तान्ह्या बाळांना गॅससाठी देतात तेच औषध. फेस दोन्हीकडे सारखाच मोडतो.

दुसरा धोका काचेचा. साधी काच तापली की बरीच प्रसरण पावते. बोरोसिलिकेट काच तिच्या साधारण एक तृतीयांशच. ही काच १८८० च्या दशकात जर्मनीतल्या येना गावी ओटो शॉटने तयार केली. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीपुढे प्रश्न होता रेल्वेच्या कंदिलांचा: तापलेल्या काचेवर पाऊस किंवा बर्फ पडला की ती तडकायची. त्या खटपटीतूनच पुढे १९१५ मध्ये ‘पायरेक्स’ची भांडी स्वयंपाकघरात आली.

हे सगळं वर्गात शिकवलेला मी, मदतीच्या उत्साहात उकळतं पात्र उचललं आणि मागच्या पायरीवरच्या बर्फात टेकवलं. बाहेर उणे पंधरा होतं. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि तळ ताटलीसारखा सुटून आला. पांढऱ्या बर्फावर गुळाच्या पाण्यासारखा डाग. बोरोसिलिकेट टिकाऊ आहे, अमर नाही. शंभर अंशांचा फरक ही तिची हद्दच. त्यात तळाला घासणीचा ओरखडा असेल तर काच तिथूनच तडकते. आधी पाच-दहा मिनिटं लाकडी पाटावर ठेवायचं, मग कोमट पाण्यात आणि शेवटी गार पाण्यात, हा क्रम मलाच पाठ हवा होता. जावई काही बोलला नाही. लेक मात्र बोलली.

उकळीची उष्णता मारणारी, नंतरची ऊब वाढवणारी. रस २०-२४ अंशांवर आला की यीस्ट घालायचं. चाळिशीच्या वर घातलं तर आपणच त्याचे हाल करतो. मिनेसोटाच्या थंडीत ही ऊब आणायची कुठून? लेक इडलीचं पीठ ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून आंबवते. नवं शंकुपात्रही तिथेच गेलं, पिठाच्या पातेल्याला खेटून. फॉइल सैल ठेवायची म्हणजे वायू बाहेर पडतो आणि वरून धूळ-जंतू पडत नाहीत. पाश्चरच्या हंसमानी चंबूचं तत्त्वही हेच. हवेतल्या आगंतुक जंतूंनी बिअर नासते हे त्याने १८७६ च्या ग्रंथात मांडलं आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. कार्ल्सबर्गने ते इतर बिअरवाल्यांनाही देऊन टाकलं. धंद्यात असं औदार्य क्वचितच.

उकळलेला रस बाटलीत भरून फडताळात ठेवू नये, हे मात्र बजावून सांगतो. बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू शंभर अंशांना मरत नाहीत आणि रस पुरेसा आंबटही नसतो. साठवायचाच तर दाबाखाली १२१ अंशांवर निर्जंतुक करावा लागतो.

अमेरिकेत घरी बिअर करण्याला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली ती राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने. मिसिसिपी राज्यात तर त्यासाठी २०१३ उजाडलं. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हा लेख वाचण्यापुरताच घ्यावा.

परदेशातल्या हौशींना माझा सल्ला: रस रुंद पातेल्यात उकळा, झाकून गार करा आणि मगच निर्जंतुक केलेल्या शंकुपात्रात ओता. शेगडी साफ राहते आणि पात्रही वाचतं. जावई आता तसंच करतो. नवं पात्र मी भरून दिलं.