पंधरा रेघांची पट्टी

कापूस फुटून झाडावर लोंबतो आहे आणि वेचायला माणूस नाही, यासारखे दुःख शेतकऱ्याला दुसरे नाही. मागल्या दिवाळीच्या सुमारास आमच्यावर तीच पाळी आली. आमचे शेत चकलांब्याच्या शिवारात, ओढ्याच्या कडेला. गेवराई तालुक्यातल्या इतर गावांसारखेच आमचे गाव : कपाशी, तूर, बाजरी, विहिरीच्या पाण्यावर थोडा ऊस, आणि दसरा उलटला की कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागलेली बिऱ्हाडे. त्यामुळे वेचणीला बाया आधीच थोड्या. त्यांत एकीने ओढ्यात काहीतरी पाहिले.

तिने पाहिले ते एवढेच : अंधार पडत होता, झुडपातून एक जनावर उठले आणि पाठमोरे होऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी गावात त्या जनावराला ठिपके फुटले. तिसऱ्या दिवशी त्याला दोन पिल्ले झाली. चौथ्या दिवशी आमच्या शेतात एकही बाई आली नाही.

हसण्यासारखी गोष्ट नव्हे. २०२० सालच्या नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली होती. ते दिवस कोणी विसरलेले नाही. सालगड्याने तर मला स्पष्टच सांगितले, "मालक, लाइट येती रात्री दोनला. दारं धरायला मी एकटा जायचा नाही. तुम्ही संगं चला." मी त्याला बरेच समजावले; पण त्याच्यासंगे चलतो असे काही माझ्या तोंडून निघेना, हेही खरे.

पुतण्या सुट्टीला घरी आला होता. छत्रपती संभाजीनगरला तो तंत्रनिकेतनात शिकतो. तो म्हणाला, "काका, नुसत्या गप्पा कशाला? ओढ्यात कोण येतं त्याचा फोटो काढू. माझ्याकडे पाय आहे."

"कुणाचा पाय?" आईने आतून विचारले.

रास्पबेरी पाय हे त्या वस्तूचे नाव. पत्त्यांच्या जोडाएवढा हिरवा पत्रा, आणि त्याच एका पत्र्यावर सगळा संगणक. केंब्रिजच्या एबन अप्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो काढला, मुलांना स्वस्तात संगणकाची विद्या शिकता यावी म्हणून. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो बाजारात आला आणि मुलांच्या आधी मोठ्यांनीच त्याच्यावर उड्या टाकल्या. पुढल्या वर्षी त्याला डोळा मिळाला. चौकोनी, कसाबसा इंचभर लांबीरुंदीचा, वजनाला तीन ग्रॅम. पुतण्याजवळचा कॅमेरा २०१६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा, ऐंशी लाख ठिपक्यांचा होता. शिवाय त्याच्यात एक गोष्ट मुद्दामच नव्हती. नेहमीच्या कॅमेऱ्यात अवरक्त किरण अडवणारी काच असते. ती यातून काढून टाकलेली असते. त्यामुळे आपल्याला न दिसणाऱ्या उजेडात हा डोळा पाहू शकतो. दिवसा मात्र त्याचे रंग बिघडतात.

आता डोळा मेंदूला जोडावयाचा. हे काम दोन मिनिटांचे म्हणून आम्ही बसलो, आणि अख्खी दुपार गेली.

जोडणारी वस्तू म्हणजे एक पांढरी, चपटी पट्टी. टोकाला एका अंगाला पंधरा चंदेरी रेघा, दुसऱ्या अंगाला निळे प्लॅस्टिक. या रेघांची वाटणी मला फार आवडली. चित्र दोन जोड्यांमधून धावते आणि तिसरी जोडी ताल धरते. जोड्यांच्या मध्ये व कडेला मिळून जमिनीच्या चार रेघा. दोन रेघांवरून संगणकाचे हुकूम जातात, दोन किरकोळ कामाला, आणि राहिलेली एक सव्वातीन व्होल्टांच्या जरा वरची वीज पुरवते. चित्राला जोड्या कशाला? तर एका रेघेवर जे चढते ते दुसरीवर उतरते, आणि संगणक फक्त दोहोंमधला फरक मोजतो. बाहेरून गोंगाट आला तर तो तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखाच पडतो. काटा हलत नाही.

पहिली चूक पुतण्याची. त्याच्या पायावर एकसारख्या दोन खाचा होत्या, एक कॅमेऱ्याची आणि एक पडद्याची. त्याने पट्टी पडद्याच्या खाचेत घातली. संगणकाने उत्तर दिले : एकही कॅमेरा उपलब्ध नाही. मग वीज बंद करून (हे प्रत्येक वेळी करावयाचे, चालू विजेवर पट्टीला हात लावावयाचा नाही) मी स्वतः ती बरोबर खाचेत घातली. पुन्हा तेच उत्तर. पुतण्याने कार्ड नव्याने भरले, आज्ञा बदलून पाहिल्या. कारण या कॅमेऱ्याच्या आज्ञांची नावे गेल्या काही वर्षांत दोनदा बदलली आहेत आणि जुनी पुस्तके वाचून शिकणारा हमखास फसतो. काही उपयोग झाला नाही. शेवटी आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "एकीकडं निळं आतल्या बाजूला हाय, एकीकडं भाईर. असंच असतंय का?"

तसेच नव्हते. संगणकाच्या खाचेत निळी बाजू तारजाळ्याच्या खोबणीकडे आणि चंदेरी रेघा विरुद्ध बाजूला हव्यात. कॅमेऱ्याकडे रेघा त्याच्या पत्र्याकडे हव्यात. मी पट्टी उलटी घातली होती. खाचेतले दात एकाच अंगाला असतात, आणि त्यांच्यापुढे मी नुसते प्लॅस्टिक उभे केले होते! सुदैवाने त्याने काही जळाले नाही. खाचेची पट्टी नखाने उचलली, रिबीन सरळ खाली बसवली, दोन्ही टोके एकदम दाबली, आणि पडद्यावर आमच्या अंगणातली तुळस उमटली. पाने गुलाबी होती. आईला ते मुळीच आवडले नाही.

पुढचे सामान साधे. जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा, अवरक्त दिव्यांची चकती, आणि समोरून ऊबदार देह हलला की खूण देणारा संवेदक. वीज ट्रॅक्टरच्या पडून असलेल्या बॅटरीची, पाच व्होल्टांवर उतरवून. सगळे मिळून रात्रभरात साठ-सत्तर वॅट-तास खाईल असा हिशेब निघाला. बॅटरीला ते काहीच नाही. डबा बाभळीला बांधला.

पहिल्या रात्रीचे सारे फोटो पांढरे फटक. दिवे आणि डोळा एकाच काचेआड ठेवले होते. दिव्यांचा उजेड काचेवरून उलटून डोळ्यातच जात होता. दिव्यांना वेगळे भोक पाडले. दुसऱ्या रात्री शेजाऱ्याचा कुत्रा, ससा, आणि हातात काठी घेऊन डबा जागेवर आहे ना हे बघायला गेलेला मी.

चौथ्या रात्री, दोन वाजून चाळीस मिनिटांनी, तो आला. पुढचा भाग उंच, मागचा उतरता, मानेवर केस उभे, अंगावर पट्टे. ठिपका एकही नाही. तोंडात कोणीतरी ओढ्यात टाकलेले मेलेले करडू.

तरस होते ते.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडीथोडी करून टिपली, आणि ते चित्र दाखवून पैसेवाल्याचे मन वळवले, असे आपण वाचलेले असते. आम्हांला भांडवल नको होते, बाया हव्या होत्या. पुतण्याने फोनवर फोटो घेतला आणि आम्ही वस्तीवर गेलो. सगळ्यांत वडील बाईने फोन लांब धरून पाहिला. "तरसच हाय. मेलेलं खातंय ते." मी खूष झालो. तेवढ्यात तीच म्हणाली, "पण भाऊ, तरस आलं म्हणून वाघ येत न्हाई, असं कुठंय?"

याला मजजवळ उत्तर नव्हते, कारण तिचे म्हणणे खरे होते. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे लावले होते. त्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. भर वस्तीच्या, उसाच्या त्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे निघाले, आणि तरसेही जवळजवळ तेवढीच. दोघेही त्याच शिवारात. हे मी तिला सांगून टाकले. लपवून तिला शेतात आणणे मला जमले नसते. मात्र त्याच अभ्यासात त्या भागात बिबट्याने माणूस मारल्याची नोंद नव्हती, हेही सांगितले.

बायांनी आपसांत ठरवले : ऊन वर आल्यावर यायचे, चारच्या ठोक्याला निघायचे, ओढ्याकडची तासे सगळ्यांनी मिळून एकदम वेचायची, आणि डबा आणखी आठ रात्री बाभळीवर राहू द्यायचा. रोज सकाळी आल्या की आधी फोटो बघत. साळिंदर आले, कुत्रा आला, तरस आणखी दोनदा आले. ठिपके आले नाहीत.

कापूस घरात आला. शेवटची चार तासे तेवढी पावसात सापडली आणि त्यांची कवडी झाली. पुतण्या पाय घेऊन परत गेला. सालगडी अजूनही रात्री एकटा जात नाही; दोनला लाइट आली की मी बॅटरी घेऊन त्याच्यासंगे बांधावर उभा असतो.